सामान्य वाचकाची साक्ष

वाचनालयातून आणलेल्या जुन्या कादंबरीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेले शेरे ज्याने वाचले नाहीत, असा मराठी वाचक विरळाच. ‘छान’, ‘वेळ फुकट गेला’, ‘शेवट पटला नाही’ असे दोन-तीन शब्दांचे निकाल तिथे एकाखाली एक लिहिलेले असतात. पहिल्या पानावर ‘पुस्तकात काही लिहू नये’ असा शिक्का असतो, ग्रंथपाल अधूनमधून खोडरबर घेऊन बसतात, तरीही ते शेरे पुन्हा उगवतात. पुस्तक मिटल्यावर कोणाशी तरी बोलावेसे वाटणे हा वाचनाचाच भाग आहे आणि घरात त्या पुस्तकाविषयी बोलायला कोणी नसेल, तर माणूस पुढच्या अनोळखी वाचकाशी बोलतो. आमच्या वाचनालयातल्या एका सामाजिक कादंबरीच्या अखेरीस कोणीतरी ‘तिने घर सोडायला नको होते’ असे लिहिले आहे आणि त्याखाली वेगळ्या हस्ताक्षरात ‘का नको?’ असा प्रश्न आहे. त्याला उत्तर मिळालेले नाही. ज्याने मत दिले त्याने पुस्तक परत केले असणार आणि ज्याने प्रश्न विचारला त्याची व त्याची गाठ कधी पडली नसणार.

‘का नको?’ असे विचारणारा माणूस समोर बसला तर काय होते, हे गेली काही वर्षे मी जवळून पाहतो आहे आणि त्याविषयीच मला लिहायचे आहे. आमचे गाव माणदेशाच्या कडेला, तालुक्याचे ठिकाण. वाचनालय जुने आहे, कपाटे लोखंडी आहेत, वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती सकाळी गर्दी असते. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, त्याखाली अ, ब, क, ड अशा वर्गांत मोडणारी हजारो वाचनालये गावोगाव चालतात आणि पुस्तकांची देवघेव निष्ठेने करतात. मात्र वाचलेल्याविषयी चार माणसांनी बसून बोलावे, अशी सोय त्यांतल्या फार थोड्या ठिकाणी आहे. चित्रपटांच्या बाबतीत अशी सोय फिल्म सोसायट्यांनी केली. मुंबईत १९६८ मध्ये सुरू झालेल्या प्रभात चित्र मंडळासारख्या संस्थांनी चित्रपट पाहून झाल्यावर त्याविषयी बोलण्याची सवय मराठी प्रेक्षकांच्या एका वर्गाला लावली, पण तो वर्ग मुख्यतः शहरांतला राहिला. २००९ मध्ये नाशिकमध्ये सुरू झालेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमाने पुस्तकांच्या पेट्या थेट वाचकांच्या वस्तीत नेल्या आणि पुढे त्या परदेशांतल्या मराठी माणसांपर्यंतही पोचल्या. पुस्तक दारी येते तेव्हा शेजारीही तेच पुस्तक वाचतात, आणि मग बोलणे आपोआप निघते. आमच्याकडे पेटी नव्हती, म्हणून आम्ही महिन्यातला शेवटचा शनिवार ठरवला. एका महिन्यात सगळ्यांनी वाचलेले एक पुस्तक घ्यायचे, पुढच्या महिन्यात वरच्या मजल्यावरच्या खोलीत पडदे ओढून एखादा चित्रपट पाहायचा आणि त्याच बैठकीत बोलायचे. येणाऱ्यांमध्ये निवृत्त शिक्षक आहेत, अंगणवाडी सेविका आहेत, एस.टी.चे एक वाहक आहेत, एक वकील आहेत, मोबाइलच्या दुकानात काम करणारा एक तरुण आहे, आणि घरचे आवरून धावतपळत येणाऱ्या बायका आहेत, ज्यांचे वाचन आमच्यापैकी बहुतेकांहून जास्त आहे.

आमचा नियम एकच आहे. ‘आवडले’ किंवा ‘आवडले नाही’ असे कोणीही म्हणावे, पण त्यापाठोपाठ पुस्तकातली किंवा चित्रपटातली एक जागा दाखवावी आणि आपण ती जागा कुठे उभे राहून पाहतो आहोत, हे सांगावे. नियम साधा दिसतो, तरी त्याने बोलण्याचा पोतच बदलला. माझे मत असे बनले आहे की सामान्य वाचक आणि प्रेक्षक आपल्या जगण्यातून जी साक्ष देतो, ती व्यासंगी समीक्षकालाही देता येत नाही. मात्र ती साक्ष ठरण्यासाठी त्याने कलाकृतीतल्या नेमक्या जागेवर बोट ठेवले पाहिजे. नाहीतर तो केवळ निकाल राहतो, आणि निकालावर बोलणे होत नाही, फार तर भांडण होते.

‘बनगरवाडी’चे उदाहरण सांगतो. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि अमोल पालेकरांनी १९९५ मध्ये तिच्यावर चित्रपट केला. माडगूळकरांचे माडगूळ आमच्यापासून लांब नाही. कादंबरीतला उजाड माळ, बाभळी, मेंढरांची धूळ आम्हाला खिडकीतून दिसते. औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीवर तरुण मास्तर येतो, शाळेसाठी मुले मिळवण्यापासून त्याला सुरुवात करावी लागते, म्हातारा कारभारी त्याच्या पाठीशी उभा राहतो, मास्तर वाडीत तालीम उभी करतो, आणि मग पाऊस दगा देतो व वाडी ओस पडते. आमच्या बैठकीत पहिल्यांदा बोलले ते एकशिक्षकी शाळेत उमेदीची वर्षे काढलेले गुरुजी. ते म्हणाले, “या मास्तराला शिकवताना आपण फार थोडा वेळ पाहतो. तो लोकांचे कागद वाचतो, भांडणे ऐकून घेतो, निरोप पोचवतो. मी नोकरीला लागलो तेव्हा माझेही असेच झाले होते आणि शिकवायचे राहून जाते म्हणून मला वाईट वाटायचे. हे पुस्तक वाचताना कळले की गावाने मास्तराला दिलेले ते कामच होते.” एरवी ‘शिक्षकाच्या ध्येयवादाची कहाणी’ अशा शब्दांत ज्या पुस्तकाची ओळख करून दिली जाते, त्यातला ध्येयवाद गुरुजींनी चार वाक्यांत जमिनीवर आणला.

त्यानंतर जे घडले ते मला जास्त महत्त्वाचे वाटते. आमच्यातले एक ग्रामसेवक धनगर समाजातले आहेत. त्यांचे वडील आणि चुलते दिवाळीनंतर मेंढरे घेऊन बाहेर पडत, वाटेत शेतकऱ्यांच्या रानात मेंढरे बसवत, वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी, लावून मुक्काम करत आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत येत. ग्रामसेवकांनी ही कादंबरी आपल्या आईला संध्याकाळी थोडी थोडी करून वाचून दाखवली होती. शेवट ऐकून आई रडेल असे त्यांना वाटले होते, कारण आम्हा सगळ्यांना त्या शेवटाने हलवले होते. माणसे वाडी सोडून निघतात आणि रस्ता भरून जातो, हे चित्र कोणाच्याही मनातून जात नाही. म्हातारी रडली नाही. ती म्हणाली, “मेंढरं जगवाया मानसं जात्यातच की. पर मागं कोन ऱ्हायलं?”

ग्रामसेवकांनी आम्हाला हे सांगितले तेव्हा थोडा वेळ कोणाला काही सुचले नाही. मग त्यांनी स्वतःच उलगडून सांगितले. धनगराच्या घरातली माणसे दरवर्षी निघतात. निघण्यात त्यांना अघटित काही नाही. पण निघताना म्हातारी माणसे, एखादी बाळंतीण, एखादे आजारी पोर मागे राहते, घराला कुलूप लागत नाही, संध्याकाळी चूल पेटते आणि त्या चुलीच्या भरवशावर बाकीचे दूर जातात. दुष्काळाने वाडीतली माणसे बाहेर काढली हे दुःख आम्हाला दिसले होते. मागे राहायलाही कोणी उरले नाही, हे त्या माउलीला दिसले. ज्यांच्या घरात स्थलांतर हा आयुष्याचा क्रमच आहे, त्यांच्याकडूनच ही गोष्ट कळू शकते. मी त्या रात्री घरी जाऊन शेवटची पाने पुन्हा वाचली, तेव्हा ती मला आधीपेक्षा कितीतरी अधिक भयाण वाटली. कादंबरीतले एक अक्षरही बदलले नव्हते. एका निरक्षर बाईने विचारलेल्या प्रश्नाने तिचा शेवट माझ्यासाठी उजळून गेला होता.

‘बनगरवाडी’ सगळ्यांच्या आवडीची होती, त्यामुळे त्या दिवशी वाद झाला नाही. खरी कसोटी लागली चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ या चित्रपटाच्या वेळी. २०१४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवलेला, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेला आणि २०१५ मध्ये चित्रपटगृहांत लागलेला हा चित्रपट आमच्या खोलीत संपला तेव्हा अर्धी माणसे अस्वस्थपणे चुळबुळत होती. नारायण कांबळे या लोकशाहिराच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने मॅनहोलमध्ये जीव दिला, असा आरोप ठेवून त्याच्यावर खटला चालतो, आणि चित्रपटभर आपण तारखांमागून तारखा पाहतो. मोबाइलच्या दुकानातला आमचा तरुण सरळ म्हणाला की त्याला कंटाळा आला. त्याच्या म्हणण्यावर दोघे-तिघे हसले. अशा हसण्याची मला चीड आहे, कारण त्याने माणूस पुढच्या वेळी खरे बोलायचे टाळतो. आमच्या नियमाप्रमाणे त्याला विचारले गेले, “कुठे कंटाळा आला?”

तो विचार करून बोलू लागला. माणसे चौकटीतून निघून गेली तरी कॅमेरा तिथेच थांबतो, हे त्याला खटकले होते. आपल्या खटल्याच्या आधीचे आणि नंतरचे भलतेच खटले ऐकावे लागतात, हेही त्याला खटकले होते. पण सर्वांत जास्त खटकली होती ती शेवटाकडची जागा. न्यायालयाला उन्हाळ्याची सुट्टी लागते, दालन रिकामे होते, दिवे बंद होतात, पडदा काळा होतो. चित्रपट संपला असे वाटून तो उठला होता, तेवढ्यात न्यायाधीश कुटुंबासोबत सहलीला निघालेले दिसले. “मला त्यांच्या सहलीशी काय करायचे आहे? तो म्हातारा आत बसलाय आणि हे पोहायला गेलेत,” असे तो तिरीमिरीने म्हणाला आणि मग एकदम थांबला. आम्हीही थांबलो. ज्याला तो कंटाळा म्हणत होता, त्यात बराचसा संताप होता आणि तो संताप चित्रपटाने जाणीवपूर्वक त्याच्यात साठवला होता, हे त्याला आमच्यादेखत उमगले. कोणी त्याला दिग्दर्शकाची शैली समजावून सांगितली असती तर त्याने मान डोलावली असती आणि पुढच्या बैठकीला तो आला नसता. ‘संथ’ आणि ‘कंटाळवाणा’ हे आपल्याकडे चित्रपटाविषयी सर्वांत जास्त वापरले जाणारे निकाल आहेत. ते देणाऱ्याची समजूत काढण्यापेक्षा त्याला जागा विचारावी, हे मी त्या संध्याकाळी शिकलो.

त्याच बैठकीत एक निवृत्त बाई होत्या, ज्यांनी नोकरीची सगळी वर्षे न्यायालयाच्या कचेरीत काढली होती. रोजनामा, पुकारा, मुद्देमाल, उलटतपासणी हे शब्द त्यांच्या तोंडी इतके सहज येतात की आपण त्या जगात किती परके आहोत हे कळते. त्यांनी चित्रपटातल्या एका अगदी साध्या क्रियेकडे आमचे लक्ष वेधले. साक्षीदार बोलतो, न्यायाधीश ते ऐकतात आणि आपल्या शब्दांत, कारभाराच्या भाषेत, टंकलेखकाला सांगतात; कागदावर उतरते ते न्यायाधीशांचे वाक्य. बाई म्हणाल्या, “मी हे आयुष्यभर केले. लिहिलेले खोटे नसते, पण ते त्या माणसाचे राहिलेले नसते. खेड्यातली बाई पाच मिनिटे बोलते आणि कागदावर दीड ओळ येते. ती अंगठा उठवते तेव्हा तिला वाटते, आपण सांगितले ते सगळे आत गेले.” चित्रपटातल्या मृत कामगाराची बायको साक्ष देते, त्या प्रसंगाविषयी त्या बोलत होत्या. नवरा दारू का पीत असे, गटारातला वास कसा सहन होत नसे, सुरक्षेची साधने त्याला मिळत नव्हती, हे ती बाई अगदी सपाट आवाजात सांगते. आमच्यापैकी एकाला तो अभिनय कमी पडल्यासारखा वाटला होता. मागच्या खुर्चीवर नगरपंचायतीचे एक सफाई कामगार बसले होते; ते फारसे बोलत नाहीत. ते एवढेच म्हणाले, “बरोबर आहे. दहा ठिकाणी तेच सांगून झालेले असते. रडायचे ते आधीच रडून झालेले असते.”

वकीलसाहेबांचे मत मात्र निराळ्या वाटेने गेले. प्रत्यक्षात अमुक टप्प्यावर अमुक अर्ज करतात, युक्तिवादाचा क्रम असा नसतो, असे आक्षेप त्यांनी एकामागून एक मांडले आणि त्यांच्या आधारे सगळा चित्रपट बाजूला सारला. ते आक्षेप बरोबर की चूक, हे ठरवण्याची पात्रता माझ्याकडे नाही आणि त्या दिवशी तो प्रश्नही नव्हता. स्वतःच्या व्यवसायाचे ज्ञान दोन प्रकारे वापरता येते. कचेरीतल्या बाईंनी त्या ज्ञानाने चित्रपटात शिरायला वाट काढली. वकीलसाहेबांनी त्याच ज्ञानाचा दरवाजा करून तो लावून घेतला. पोलीस चित्रपट पाहताना टोपी आणि पट्ट्या तपासतात, डॉक्टर सलाइनची नळी तपासतात, शेतकरी नांगर धरणाऱ्या नटाचे हात पाहतात. यात गैर काही नाही, कारण हलगर्जीपणा दिसला की विश्वास उडतो. पण तपासणी ही मताची सुरुवात असावी. मुंडासे चुकीचे बांधले आहे एवढ्यावर जो थांबतो, त्याने मुंडाशाखालचा माणूस पाहिलेला नसतो. त्यामुळे ‘मला या क्षेत्रातले कळते’ एवढे सांगून भागत नाही. त्या कळण्याने या कलाकृतीत काय दिसले, हेही सांगावे लागते. वकीलसाहेब आजही येतात, आणि त्यांच्याशी माझे मतभेद अजून मिटलेले नाहीत.

सर्वांत अवघड संध्याकाळ ‘सैराट’ची होती. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला, महाराष्ट्रातल्या गावोगावच्या प्रेक्षकांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला, ‘झिंगाट’ लागले की तरुण पोरे खुर्च्या सोडून नाचत आणि तेच चित्रपटगृह शेवटच्या दृश्यात आवाज नाहीसा झाल्यावर गोठून जाई. आमच्याकडे तो बराच उशिरा दाखवला गेला. जवळजवळ सगळ्यांनी आधी पाहिलेला होता. चर्चा सुरू झाली आणि एकेक जण तेच बोलू लागला, की पूर्वार्ध उत्तम आहे, मध्यंतरानंतर चित्रपट लांबला. हे मत महाराष्ट्रभर ऐकू येत होते, तेच आमच्या खोलीत आले. मी विचारले की नायक-नायिका पळून हैदराबादला जातात, तिथले कोणते प्रसंग काढावेत. कोणी म्हणाले झोपडपट्टीतले, कोणी म्हणाले त्या दोघांची भांडणे. तेव्हा अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या, “ट्रॅक्टर आणि बुलेट चालवणारी मुलगी तिथे झाडू हातात घेते, कारखान्यात बाटल्यांजवळ उभी राहते, नवऱ्याचा संशय सहन करते, आईला फोन करते. तिचा संसार म्हणजे एवढेच दिवस आहेत. ते काढले तर शेवटी कोण मेले हे आपल्याला कळणार कसे?”

या उत्तरावर लांबीचा मुद्दा संपला, आणि मग खोलीत एक चमत्कारिक शांतता पसरली, कारण लांबीखेरीज बोलण्यासारखे जे होते ते बोलायला कोणी तयार नव्हते. पाटलाची मुलगी आणि पारध्याचा मुलगा, असा तो चित्रपट आहे. त्यात जात हा विषय कुठेतरी कोपऱ्यात आलेला नाही, तो प्रत्येक प्रसंगाच्या मुळाशी आहे. आमच्या खोलीत निरनिराळ्या जातींची माणसे बसली होती, ज्यांची मुलेमुली एकाच महाविद्यालयात जातात. चित्रपटाच्या गतीविषयी आम्ही पाऊण तास बोललो आणि जातीविषयी एक वाक्यही नाही. शेवटी एका तरुणीने ते वाक्य उच्चारले. तिने कोणावर आरोप केला नाही. आपल्या ओळखीतल्या एका मुलीचे शिक्षण हा चित्रपट येऊन गेल्यावर घरच्यांनी थांबवले, असे तिने सांगितले आणि ती खाली बसली. ‘चित्रपटाने मुले बिघडतात’ असे मत आमच्यातल्या एका ज्येष्ठांनी थोड्या वेळापूर्वीच व्यक्त केले होते. त्यांनी ते मागे घेतले नाही, पण चहा घेताना ते त्या तरुणीशी बराच वेळ बोलत उभे होते. त्या दिवसापासून मी एक गोष्ट ध्यानात ठेवली आहे. एखाद्या कलाकृतीविषयी सगळ्यांचे मत फार लवकर एक झाले, आणि तेही गती, लांबी, संगीत अशा निरुपद्रवी गोष्टींवर, तर काहीतरी बोलायचे राहिले आहे असे समजून थोडा वेळ आणखी बसावे.

मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ या कादंबरीच्या वेळी वेगळेच घडले. आणीबाणीच्या काळातल्या, शिरोडकर या मुलीवर जीव जडलेल्या, नववीतल्या जोशी या मुलाने सांगितलेली ही गोष्ट आमच्या पुरुष सदस्यांच्या गळ्यातला ताईत आहे. २०१२ मध्ये चित्रपट आला तेव्हा ‘आमची शिरोडकर अशी नव्हती’ अशी तक्रार करणारे त्यांतच होते. बायकांनी त्या दिवशी शांतपणे सांगितले की त्यांनाही पुस्तक आवडले, पण वाचताना त्या सतत दुसऱ्या बाजूला होत्या. रस्त्याने जाताना मागून मुलांचे घोळके येतात तेव्हा आत काय होते, ते या पुस्तकात नाही, आणि सांगणारा जोशी असल्यामुळे ते असणारही नाही. हे दोषारोपण नव्हते. निवेदक म्हणजे काय आणि तो काय पाहू शकत नाही, हा मुद्दा मी पुस्तकांतून शिकलो होतो. इतका स्वच्छ तो मला तेव्हाच समजला.

याचा अर्थ समीक्षकाची गरज नाही, असे मी मुळीच म्हणत नाही. ‘बनगरवाडी’च्या आधी मराठीत खेडे कसे लिहिले जात होते आणि माडगूळकरांनी त्यात काय बदलले, हे आमच्या बैठकीतले कोणी सांगू शकत नाही, ते सांगायला आयुष्यभर वाचलेला माणूस लागतो. पण मराठी पुस्तकांचे जग लहान आहे. लेखक, प्रकाशक आणि परीक्षणे लिहिणारे एकमेकांना ओळखतात, एकाच व्यासपीठावर भेटतात, एकमेकांच्या पुस्तकांना प्रस्तावना लिहितात. त्यामुळे छापील परीक्षणांत भिडेचा भाग पुष्कळ असतो, आणि ती परीक्षणे बहुधा नव्या पुस्तकांची असतात. वाचनालयातला वाचक कोणाच्या भिडेत नसतो. तो पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे पुस्तक आजचे समजून वाचतो आणि ते आज लागू आहे की नाही, हे त्याच्या बोलण्यातून आपल्याला कळते.

म्हणूनच या मतांचा वाचनालयाच्या कारभारात उपयोग व्हावा, असे मला वाटते. शासनाचे अनुदान हप्त्यांनी येते आणि त्यातल्या ग्रंथखरेदीच्या पैशांत वर्षाला किती पुस्तके येतील, याचा हिशेब प्रत्येक ग्रंथपालाला तोंडपाठ असतो. निवड समितीच्या बैठकीत याद्या आणि सवलतीचे दर पाहिले जातात. काय वाचले जाते आणि त्याविषयी काय बोलले जाते, हे फार थोड्या ठिकाणी पाहिले जात असेल. आमच्याकडे आता देवघेवीच्या टेबलावर एक जाड वही ठेवली आहे, तीत वाचकाने पुस्तकाचे नाव, लक्षात राहिलेली एक जागा आणि तिच्याविषयी दोन-चार वाक्ये लिहावीत, अशी विनंती केली आहे. लिहिण्याचा संकोच असणाऱ्यांचे बोलणे ग्रंथपाल स्वतः उतरवून घेतात, आणि आमच्या निवृत्त बाईंच्या सूचनेवरून ते त्या माणसाच्याच शब्दांत उतरवतात.

त्या वहीतून काही गोष्टी स्पष्ट दिसू लागल्या आहेत. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांविषयीची पुस्तके चौघींनी मागितली आहेत आणि आमच्याकडे त्या विषयावर एकच आहे. मोठ्या अक्षरांतली पुस्तके मागणारे ज्येष्ठ वाचक आम्हाला वाटले होते त्यापेक्षा पुष्कळ जास्त आहेत. ‘बनगरवाडी’ची आमची प्रत उसवली आहे आणि तिच्यासाठी नेहमी कोणीतरी थांबलेले असते. मार्चपूर्वीच्या खरेदीसाठी समितीची बैठक होईल तेव्हा ही वही समोर ठेवावी आणि बैठकीत दोन वाचकांना बसू द्यावे, असा अर्ज आम्ही दिला आहे. अर्जावर वकीलसाहेबांचीही सही आहे.